रिकाम्या काट्यावर साठ किलो

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची मोहाडीला! दोन बॅगा, पेचकसांची पेटी, आईने दिलेला चिवड्याचा डबा आणि ही कोरी रोजनिशी. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच घर सोडलं. अंतर जेमतेम दीड तासाचं, पण बाबा सकाळी असे गंभीर होते की शेजाऱ्यांना वाटलं असेल, पोरगी सरहद्दीवर निघाली.

खोली शकुंतलाबाईंकडे मिळाली आहे. एकट्याच असतात, साठीच्या आसपास, बोलायला मोकळ्या आणि वाढायला त्याहून मोकळ्या. पहिल्याच जेवणाला लाखोळीची डाळ, वांगी आणि भाताचा डोंगर. मी नको नको म्हणत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "खाऊन घे न वं बाई, मिलवाले काही जेवाले सोडत नाही." मला त्या फार आवडल्या.

नोकरी गावाबाहेरच्या श्यामरावांच्या राईस मिलमध्ये. मिलच्या फाटकाशी गाड्या मोजायचा मोठा काटा आहे, त्याची आणि त्याच्या कम्प्युटरची जबाबदारी माझी. भरलेली गाडी आत येताना तिचं पहिलं वजन, रिकामी होऊन बाहेर जाताना दुसरं. दोन्हींमधला फरक म्हणजे धान. लहान मुलालाही जमेल असं काम. खरं काम वेगळंच आहे. गेल्या हंगामात कोणीतरी गाणी भरायला मोबाईल त्या कम्प्युटरला लावला आणि त्यातून व्हायरस शिरला. आठवडाभराच्या पावत्या गायब. शेतकऱ्यांशी हातघाईवर आलं होतं म्हणे. श्यामरावांनी मला खुर्ची द्यायच्या आधीच सांगितलं, "तृप्ती मॅडम, मले हा कम्प्युटर असा पायजे का माशी बी आत घुसली नाही पायजे."

माशीच काय, डाससुद्धा शिरणार नाही. उद्यापासून बघते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कम्प्युटर पाहिला आणि हात जोडले. विंडोज एक्सपी! बनवणाऱ्यांनी ज्याला अकरा वर्षांपूर्वीच वाऱ्यावर सोडलं, ते प्रकरण इथे रोज सकाळी आठला कामावर हजर. नवा का घेत नाही, तर काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. नवा काटा हंगामानंतर बसणार आहे. तोवर या म्हाताऱ्याला सांभाळायचं.

दुसरे म्हातारे भय्याजी. वीस वर्षांपासून काटा तेच बघतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शुक्रवारी ऑपरेशन, मग आंबागडला मुलीकडे आराम. माझी नेमणूक त्यामुळेच. उंचपुरे, वाळलेले, कामापुरतं बोलणारे. केबिनच्या खिडकीतून समोर लोखंडी प्लॅटफॉर्म दिसतो. टेबलावरचं बटण दाबलं की खांबावरचा हिरवा दिवा लागतो आणि गाडी वर चढते. भय्याजी प्रत्येक वेळी बटण दाबायच्या आधी बाहेर जातात, वाकून प्लॅटफॉर्मच्या खालच्या फटीत बघतात, मग परत येऊन दाबतात. प्रत्येक गाडीला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागतात, पण ते ऐकत नाहीत.

आणि त्यांची सकाळची पूजा! कम्प्युटरच्या आत घड्याळ चालू ठेवणारा बटणाएवढा सेल असतो. या मशीनमध्ये तो नाहीच. त्यामुळे भिंतीवरचं बटण बंद केलं की घड्याळही मरतं, आणि रोज सकाळी तारीख हाताने घालावी लागते. भय्याजी रोज एकच तारीख घालतात, २१ नोव्हेंबर २०१३. सॉफ्टवेअरची मुदत त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला संपली आहे, म्हणून ही युक्ती. छापील पावतीवर २०१३ येतं, त्यावर आजच्या तारखेचा रबरी शिक्का मारतात. बारा वर्षांत चाळीस हजारांवर पावत्या, सगळ्या एकाच दिवसाच्या. मी हसत सुटले. भय्याजी हसले नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भय्याजींचा आज शेवटचा दिवस. दुपारी गाड्या नव्हत्या म्हणून मी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभी राहिले. काटा पाच-पाच किलोच्या टप्प्याने दाखवतो. मी ५५. त्यांनाही आग्रह करून उभं केलं, ते ५०. एवढा उंच माणूस आणि पन्नास किलो. मी म्हटलं, मुलीकडे जाऊन जरा अंग धरा.

पाचला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी कम्प्युटर बंद केला, मग भिंतीवरचं बटणही. फाटकाबाहेर नऊ ट्रॅक्टर उभे होते. ते रात्रभर तसेच राहणार. धान काढणीचा ऐन भर, श्यामरावांची याच्यावरून रोज चिडचिड होते, पण भय्याजींपुढे त्यांचंही चालत नाही. का बंद करता, असं मी विचारलं. म्हणाले, "मशीनले आराम पायजे." मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे जेवढं दिसत असेल तेवढं. "पोरी, दोन गोष्टी ध्यानात ठेव. पाचच्या आत बंद कर. अन् तिच्यात सेल नोको टाकू. काहून म्हून नोको विचारू."

मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना हो म्हणायला काय जातं.

८ नोव्हेंबर, शनिवार

कामाला लागले. जुन्या सिस्टीमला नवं औषध मिळत नाही, तेव्हा तिला बाहेरची हवाच लागू द्यायची नाही, हा साधा नियम. नेटची तार काढली. वायरलेसचं कार्ड काढून कपाटात टाकलं. मोबाईल आणि पेनड्राइव्ह लावायच्या खाचा आधी आतून बंद केल्या, मग वरून पट्टी मारून सही केली. आपोआप सुरू होणारं सगळं थांबवलं. फालतू प्रोग्रॅम उडवले. चार जुने गेम, एक पत्रिका जुळवायचा आणि एक कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम. आता काट्याचं सॉफ्टवेअर सोडून तिथे काहीही चालणार नाही. त्या त्या दिवसाच्या नोंदी रोज सीडीवर उतरवायच्या आणि सीडी कपाटात ठेवायची.

श्यामराव दोनदा येऊन बघून गेले. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी खूश होऊन गेले.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज बालेकिल्ला पूर्ण झाला. नंतर घोळ नको म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

सकाळी नवा सेल टाकला. होय, टाकला. रोज हाताने तारीख घालायची म्हणजे रोज कोणाला तरी मुख्य पासवर्ड द्यायचा, आणि मग बाकीच्या बंदोबस्ताला काय अर्थ? तारीख एकदाच घातली, २१ नोव्हेंबर २०१३. शेवटच्या नोंदीच्या मागची तारीख सॉफ्टवेअर घेत नाही, आणि पुढे मुदत ३० ला संपते. म्हणजे माझ्याकडे दहा दिवस आहेत. तेवढ्यात सॉफ्टवेअरवाल्यांकडून नवी मुदत मिळेल, त्यांच्याशी बोलणं झालं आहे.

दुपारी सॉफ्टवेअरमधून भय्याजींचं नाव काढलं. काम सोडलेल्या माणसाचं नाव चालू ठेवायचं नसतं, हा सुरक्षेचा पहिला धडा. सॉफ्टवेअरने विचारलं, यांच्या जुन्या पावत्या कोणाच्या नावावर करू? माझ्याशिवाय दुसरं नावच नव्हतं. हो म्हटलं. एका क्षणात चाळीस हजार पावत्यांवर ऑपरेटर म्हणून तृप्ती!

चार वाजता, सगळं स्वच्छ झाल्यावर, पूर्ण मशीनचा बॅकअप घेतला. काही बिघडलं तर तीन तासांत मशीन जशीच्या तशी उभी करता येईल. ती डिस्क कुलपात.

आणि पाचला बंद केलं नाही. सातपर्यंत काटा चालवला, बाहेरचे सगळे ट्रॅक्टर आत घेतले. लोकांनी हात उंचावून रामराम केला. श्यामरावांनी पेढे मागवले.

एकच किरकोळ गोष्ट. पाच-चाळीसला एक ट्रॅक्टर उतरून गेला आणि रिकाम्या प्लॅटफॉर्मवर ६० किलो दाखवत राहिलं. मी शून्य केलं. परत ६०. दहा मिनिटांनी आपोआप गेलं. खाली भुसा अडकला असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सॉफ्टवेअर उघडताच वर लाल ओळ. काल आत आलेली एक गाडी अद्याप बाहेर गेलेली नाही. काल तर सगळ्या गेल्या होत्या. उघडून पाहिलं, क्रमांकावरून पावती बारा वर्षांपूर्वीची निघाली. खरोखरच्या २१ नोव्हेंबर २०१३ ची, संध्याकाळी ५.४० ची. एका ट्रकचं पहिलं वजन आहे, दुसरं नाही. मशीनची तारीख बारा वर्षांत पुढे गेलीच नव्हती, म्हणून तिला ही आठवण करून द्यायला सवड मिळाली नसावी. आज तिच्या लेखी २२ तारीख. ऑपरेटरच्या जागी अर्थात माझं नाव.

संध्याकाळी पाच-चाळीसला परत ६०. या वेळी वीस मिनिटं.

प्लॅटफॉर्मवर काही नव्हतं. मी जाऊन हात फिरवून आले. लोखंड दिवसभर उन्हात तापलेलं असतं. मधला एक तुकडा गार होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काटा तपासणाऱ्या मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, खालचा खड्डा साफ करा, भुसा आणि तणीस अडकलं की काटा खोटं बोलतो. हमालांना सांगितलं. ऐकू न आल्यासारखे पोती उचलत राहिले. जास्त पैसे देते म्हटलं तर त्यातल्या वयस्क माणसाने चक्क हात जोडले. श्यामरावांना विचारलं, तर ते म्हणाले, हंगाम होऊन जाऊ द्या, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

५.४० ला ६०. गाड्या थांबवून मी खिडकीतून बघत बसले. मग मागे प्रिंटर करकरला. मी कळ दाबली नव्हती. पावती निघाली होती. गाडी क्रमांक कोरा. वजन ६०. ऑपरेटर तृप्ती.

व्हायरस म्हणावा तर तो शिरणार कुठून? सगळ्या वाटा मीच बंद केल्या आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शकुंतलाबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

भय्याजींना निकेश नावाचा मुलगा होता. बावीस वर्षांचा, बापाच्या हाताखाली काट्यावरच कामाला. बारा वर्षांपूर्वीच्या एकवीस नोव्हेंबरला संध्याकाळी काटा वजन चुकवत होता म्हणून तो खालच्या खड्ड्यात भुसा काढायला उतरला. बापाला वाटलं, पोरगा चहाला गेला. खड्ड्यातल्या माणसाचं वजन काट्याला कळत नाही. समोर शून्य दिसलं. भय्याजींनी हिरवा दिवा लावला. भरलेला ट्रक वर चढला आणि मधला गंजका बीम त्याच्यावर खचला.

शकुंतलाबाई म्हणाल्या, "बापानंच बोलावली न गाडी. पोरगा खालून आवाज देऊन राहिला होता म्हणतात, पन ट्रकापुढं कोनाले आयकू येते?"

मला रडू आलं. त्या माणसाची मी थट्टा केली होती. प्रत्येक गाडीच्या आधी वाकून खाली बघायचा तो.

निकेश किती वजनाचा होता, हे मी विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भय्याजींचं ऐकायचं ठरवलं. उशिरा का होईना. दुपारी सेल काढला, तारीख २१ नोव्हेंबर २०१३ घातली. सॉफ्टवेअर उघडेना. 'शेवटच्या नोंदीआधीची तारीख चालणार नाही.' मधल्या तीन दिवसांत शेकडो पावत्या झाल्या आहेत. इतकी वर्षं तारीख पुढे गेली नव्हती म्हणून परत मागे आणता येत होती. आता नाही. पुढे मी नेली.

साडेपाचला सगळं बंद केलं. भिंतीवरचं बटणही. नुसती वजनाचे आकडे दाखवणारी पेटी तिच्या बॅटरीवर चालू राहते.

५.४० — ६०.

५.५२ — ०.

बरं वाटलं. मग केबिनच्या पायरीवर भुसा सांडल्यासारखा आवाज आला. दार उघडलं, कोणी नाही. पायरीवर भुशाचे दोन ठसे. अनवाणी. बोटं केबिनकडे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डोकं दुखतं म्हणून सांगून चारलाच खोलीवर आले. दार लावून, पांघरूण घेऊन बसले. सव्वीस वर्षांची घोडी.

पाच-चाळीसला शकुंतलाबाई परसात होत्या. मी त्यांचं खोकणं ऐकत होते. चटईच्या टोकाकडे बघत होते. तिथे काही नव्हतं, आणि मग भुसा होता. वरून पडताना दिसला नाही. नुसता होता. मूठभर, मग ओंजळभर, मग दोन पायांएवढा.

नंतर मी तो झाडून सुपात भरला. सूप शकुंतलाबाईंपुढे धरलं. त्यांनी ते परसात नेऊन पेटवलं आणि एवढंच म्हणाल्या, सकाळी आंबागडला जा.

१६ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आले. भय्याजींच्या मुलीचं, हर्षाताईचं, घर किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. ते अंगणात खाटेवर होते, डोळ्यांवर काळा चष्मा. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सेल टाकला का?"

सगळं सांगितलं. लपवावं असं काही उरलंच नव्हतं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंग तो मेला. बारा वर्सं मी त्याले मरू नाही देल्लं. रोज सकारी त्या मशीनमंदी एकवीस तारीख राहे, अन् माहा पोरगा जित्ता राहे. पाच-चाळीस वाजाच्या आत मी बंद करून टाको."

त्यांनी जे सांगितलं ते असं. निकेश गेल्यावर महिनाभर काटा बंद होता. त्या महिन्यात निकेश रोज पाच-चाळीसला घरी यायचा. काही बोलायचा नाही. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं, गाडी वर कोणी बोलावली. भय्याजींना सांगायची हिंमत झाली नाही. काटा परत सुरू झाला, तेव्हा मुदत संपली म्हणून मागची तारीख घातली, आणि त्या दिवशी तो आला नाही. एकदा मशीन चुकून चालू राहिली, तर आला. तेव्हापासून पाचच्या आत बंद. सेल त्यांनीच काढून नदीत टाकला होता.

शेवटी त्यांनी विचारलं, पावतीवर आता कोणाचं नाव आहे?

मी सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते, ऑपरेशनचे की दुसरे कसले, कळलं नाही. म्हणाले, त्याला तेवढंच वाचता येतं आता. कागदावर असेल त्याच्याकडे तो येणार, आणि ज्या जागी तो गेला तिथे नेणार. "माहं नाव परत टाक, पोरी. मी येतो उद्या. कागदावर बी माहंच पायजे. तो माहा हाय."

मला बॅकअप आठवला. जुनं सगळं जसंच्या तसं, तीन तासांत. मी म्हटलं, होईल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला सहन होईना. एका बापाला मी मरणाचा वायदा देऊन आले आणि परत येताना बसमध्ये मला हलकं वाटत होतं. हेही लिहून ठेवते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी २.१०. श्यामरावांना सांगितलं, आज काटा बंद. ते भांडले. शेवटी फाटकाशी एकच ट्रक उभा ठेवला, संध्याकाळी घ्या म्हणाले. डिस्क लावली, बॅकअप परत भरायला घेतला. रोजनिशी जवळ ठेवली आहे. काहीतरी लिहीत राहिलं की वेळ सरतो.

३.३०. निम्मं.

४.२०. भय्याजी आले. जावयाने मोटरसायकलवर आणलं आणि लगेच परत गेला, त्यांनीच पाठवलं. धुतलेलं धोतर नेसले आहेत. बाकावर बसलेत. चहा नको म्हणाले.

५.०५. अजून थोडं.

५.३१. झालं. मशीन सुरू होते आहे. बॅकअपमधून तारीख येत नाही, ती हाताने घातली. २१ नोव्हेंबर २०१३. घेतली! लाल ओळ नाही. सगळं त्या दिवसासारखं. आता फक्त ती पावती बघायची—

५.३४. ऑपरेटर तृप्ती.

असं कसं. जुनं आहे ना हे. जुनं सगळं—

मागची पानं उलटली. माझंच अक्षर. १० नोव्हेंबर. दुपारी नाव काढलं. चार वाजता बॅकअप घेतला. सगळं स्वच्छ झाल्यावर.

५.३६. भय्याजींचं नाव नव्याने टाकता येतं, पण जुन्या पावत्या त्यावर जात नाहीत. नाव काढलं तरच जातात. माझं नाव काढायचं तर मीच आत आहे, ते काढू देत नाही. मुख्य पासवर्डने परत शिरायचं— बंद करून सुरू करायला चार मिनिटं—

५.३७. बंद करायलाच नको होतं. सुरू होते आहे. हळू. फार हळू.

भय्याजी खिडकीशी आले. विचारतात, दिसलं का माहं नाव?

मी हो म्हटलं.

हो म्हटलं. बापाला समोर बघून तो कागद वाचणार नाही, असं वाटलं. देवा, असंच होऊ दे.

५.३९. ते प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले. पेटीवर ५०. चष्मा काढून खिशात ठेवला.

५.४०. ११०.

हात पुढे करून उभे आहेत. निकेश, निकेश म्हणताहेत. मी बोलावली गाडी पोरा, मी, म्हणताहेत. रडताहेत—

५०.

उतरला. त्यांच्याजवळ थांबला नाही.

पायरीवर भुसा. कडी मी आतून लावली आहे. दोनदा बघितलं. कडी—

१०५.

मी खुर्चीत आहे. लिहिते आहे म्हणजे खुर्चीतच आहे. भय्याजींच्या शेजारी कोणी नाही. मग हे पंचावन्न—

५०.

भुसा. तोंडात पण. डोक्यावर लोखंड आहे. हिरवा दिवा इथून दिसत नाही पण ट्रक सुरू झाल्याचा— भय्याजी वाकून बघा ना, रोज बघता तसं, एकदा, मी खाली